आता डाव बाळाचा

मागच्या अंकात या सदरात आपण लिहिलं होतं की बाळ जन्मल्या दिवसापासून खेळू शकतं, फक्त त्याचा खेळ आपल्याला खेळ वाटत नाही. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आलेत की सगळ्यांना उत्तर देणं या चार पानांत होणार नाही, म्हणून फिरूनफिरून येणारे सात प्रश्न घेतेय. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, फक्त नागपूरकडची वस्ती. आणि वयं नीट बघून वाचा, कारण अडीच महिन्यांच्या बाळाला जे चालतं ते दहा महिन्यांच्याला पुरत नाही आणि दहाचं अडीचला तर अजिबातच नाही.

माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. जावेनं तिच्या बाळासाठी ऑनलाइन साडेतीन हजाराचा सेन्सरी किट मागवला, काळेपांढरे कार्ड, रेशमी रुमाल, लाकडी रिंगा, बरंच काही आहे त्यात. आमच्या दोन खोल्या, मिस्टर दुकानात कामाला, एवढे पैसे एकदम नाही निघत. रोज रील्स पाहून वाटते की माझी पोरगी मागं पडून राहिली. दिवसभर मी तिच्याजवळच असते पण खेळवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? — मानेवाडा

तुमची मुलगी मागं पडलेली नाही, हे सगळ्यात आधी. या वयाच्या बाळाला त्या किटमध्ये जे मिळतं त्याच्यापेक्षा चांगलं तुमच्या चेहऱ्यात आहे, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. नुकत्या जन्मलेल्या बाळाला सगळ्यात नीट दिसतं ते साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं, म्हणजे एक ते दीड वीत, आणि अंगावर पाजताना आईचं तोंड बाळापासून बरोब्बर तेवढंच लांब असतं. अडीच महिन्यांत नजर अजून थोडी पुढं गेलेली असते, पण जवळचा चेहरा हीच तिची सगळ्यात आवडती वस्तू असते. काळ्यापांढऱ्या कार्डांचं एवढं कौतुक कशासाठी, तर लहान बाळाला फिक्या रंगांमधला फरक कळत नाही, ठळक फरक कळतो. आता आरशात बघा बरं, काळ्या भुवया, केसांची कड, कपाळावरची टिकली आणि वर हे सगळं हलतं, बोलतं, हसतं. कार्ड काय करणार त्याच्यापुढं. तरी हौस असेल तर जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर काळ्या स्केचपेननं जाड पट्टे आणि एक मोठा गोल काढा आणि तिच्या बाजूला उभं करून ठेवा, झालं कार्ड.

आता खेळवायचं कसं. मी बावीस वर्षं बाळांबरोबर काम करतेय आणि या एकाच गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. मागच्या महिन्यात नंदनवनला एका घरी गेले होते, बाळ साधारण तुमच्या मुलीएवढंच. दिवाणावर चादरीची घडी, त्यावर बाळ, आई समोर वाकलेली. आई सतत बोलत होती, खुळखुळा वाजवत होती, टाळ्या वाजवत होती आणि बाळ मान फिरवून भिंतीकडं बघत होतं. आई म्हणाली बघा ना, याला आवडतच नाही खेळायला. मी म्हटलं खुळखुळा खाली ठेवा, फक्त एकदा "ओऽऽ" म्हणा आणि गप्प बसा, मी सांगेपर्यंत काहीच करू नका. तिनं म्हटलं. मी मनात आकडे मोजत होते. तीनवर काही नाही, पाचवर बाळाचे पाय हलले, मग मान हळूहळू आईकडं वळली, भुवया वर गेल्या, ओठांचा चंबू झाला आणि नऊवर त्या लेकरानं बारीकसा "ऊऽ" काढला. आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतके दिवस ती तिसऱ्या आकड्याला पुढचं बोलून टाकायची, त्याचा डाव यायच्या आधीच तिचा दुसरा डाव सुरू. बाळाला उत्तर द्यायचं असतं पण त्याला वेळ लागतो, ऐकायचं, समजायचं, मग तोंडाचा आकार जमवायचा, कितीतरी काम असतं ते. हार्वर्डच्या बालविकास केंद्रानं याला टेनिसच्या सर्व्ह आणि रिटर्नची उपमा दिली आहे, आपण आपलं साधं म्हणू, एक डाव तुमचा, एक डाव बाळाचा.

तर रोज हे करा. तिचं पोट भरलेलं असेल आणि झोप झाली असेल अशा वेळी पाच मिनिटं. एक दिवस आवाज, एक दिवस स्पर्श. स्पर्शाला जुन्या सुती साडीचा तुकडा, आंघोळीचा टॉवेल, स्टीलची वाटी, एका वेळी एकच वस्तू घ्या, तळहातावरून हळू फिरवा, "हे मऊ आहे", "वाटी गार गार" असं म्हणा आणि थांबा. तिनं बोटं मिटून घेतली, पाय मारले, डोळे मोठे केले की ते उत्तर समजायचं. आणि ती बस म्हणते तेव्हा बस, या वयात बस म्हणजे तोंड फिरवणं, जांभई, उचकी, बोटं ताठ फाकवणं, पाठीची कमान करणं. हे दिसलं की छातीशी घ्या आणि गप्प राहा. बाळानं तोंड फिरवल्यावर दुसऱ्या बाजूनं जाऊन पुन्हा खुळखुळा वाजवणारे कितीतरी प्रेमळ लोक मी पाहिलेत, त्यांना कळतच नाही की बाळ थकलंय.

एक अजून, नागपूरचं म्हणून. उन्हाळ्यात कूलर दिवसभर धडधडत असतो, आपल्याला सवय होऊन जाते पण बाळाला त्या आवाजातून तुमचा आवाज वेगळा काढणं फार अवघड जातं. बोलायचे खेळ सकाळी कूलर लावायच्या आधी खेळा.

माझं वय 68. नात तीन महिन्यांची. सूनबाई तिला दिवसातून चार वेळा पालथं टाकते, पोरगी रडते, मला पाहवत नाही. डॉक्टरीणबाईनं सांगितलं म्हणते. आमच्या वेळी असं काही नव्हतं बाप्पा, मालिश, शेक, कानात तेल, काजळ, गुटी, आणि सगळी लेकरं धडधाकट निघाली. आता मालिशही नको म्हणून राहिली. आम्हाला काहीच समजत नाही का? — महाल

काकू, तुम्हाला खूप समजतं, आणि तुमच्या वेळी पालथं घालणं होतंच, फक्त त्याला नाव नव्हतं. आठवा, न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसायची आणि लेकराला नडग्यांवर पालथं घेऊन पाठीला तेल लावायची. लेकरू मान उचलून इकडं तिकडं बघायचं. रोज मालिश आणि आंघोळ मिळून कितीतरी वेळ ते तसं असायचं आणि रडलं तरी माणसाच्या उबदार पायांवर असायचं. सूनबाई करतेय ते हेच आहे, पण गार सपाट गादीवर एकटं, म्हणून ती रडते. तेव्हा तुम्ही मध्ये पडा आणि नातीला तुमच्या पायांवर घ्या. नाहीतर तुम्ही उशीला टेकून बसा आणि तिला छातीवर पालथं घ्या, तुमचा चेहरा बघायला ती आपोआप मान उचलेल. एक-दोन मिनिटांपासून सुरू करा, रडायला लागायच्या आत उचला, हळूहळू वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की जे बाळ अजून रांगत नाही त्याला दिवसभरात मिळून निदान अर्धा तास असं पालथं ठेवावं, पण जागं असताना आणि कोणी समोर असताना. झोपवायचं मात्र उताणंच. अमेरिकेत 1994 साली बाळांना उताणं झोपवा अशी मोठी मोहीम झाली आणि त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, म्हणून यात तडजोड नको.

मालिश बंद करू नका, सूनबाईंनाही हे वाचून दाखवा. 1986 साली अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं मालिश दिली, तर मालिश न झालेल्या बाळांपेक्षा त्यांचं वजन रोज 47 टक्के जास्त वाढलं. सगळ्या बाळांचं वजन असंच वाढेल असा याचा अर्थ नाही, पण स्पर्श ही केवढी मोठी गोष्ट आहे ते यातून कळतं. तेल खोबऱ्याचं घ्या, मोहरीचं काही बाळांच्या कातडीला झोंबतं. हात जोरात नको, हाडं "बसवायची" नकोत, नाक ओढून सरळ करायचं नको. मालिश करताना गाणं म्हणा, आता पाय, आता पोट, आता इटुकले हात असं सांगत जा, आणि हाताचा वेग तिच्याकडं बघून ठरवा.

पण काकू, चार गोष्टी सोडा, हात जोडून सांगते. कानात-नाकात तेल नाही, नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. शेगडीचा धूर नाही. काजळात शिसं असू शकतं आणि शिसं मेंदूला मारक आहे, टीट लावायची तर तळपायाला लावा असं पूर्वी मी सांगायचे, पण बाळ पाय तोंडात घालतं, म्हणून आता तेही नको. आणि गुटी, मध काही नाही, सहा महिने फक्त आईचं दूध, आणि मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत नाहीच, त्यातून बोट्युलिझम नावाचा जिवावरचा आजार होऊ शकतो. नागपूरच्या मे महिन्यातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी लागत नाही, जास्त वेळा अंगावर पाजलं की पुरतं.

रीलमध्ये रंगवलेले तांदूळ, साबुदाणा आणि ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी टबमध्ये टाकून बाळाला बसवतात. माझा मुलगा नऊ महिन्यांचा आहे, करू का? — धरमपेठ

नका करू. नऊ महिन्यांचं बाळ अंगठा आणि बोटानं बारीक वस्तू चिमटीत धरायला शिकत असतं आणि धरलेलं सगळं तोंडात जातं, तोंडानंच ते वस्तू ओळखतं, ती वाईट सवय नाही. म्हणून तांदूळ, डाळ, फुटाणे, शेंगदाणे हे नाकात, कानात, श्वासनळीत जायला एक क्षण पुरतो. फुगणारे मणी तर घरातच ठेवू नका, ते गिळले तर आतड्यात जाऊन फुगतात आणि आतडं बंद होतं, ऑपरेशनची पाळी येते.

त्याऐवजी पाण्याच्या दोन रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्या, एकीत मूठभर तूरडाळ, दुसरीत थोडं रंगीत पाणी आणि चमकी, झाकण फेविक्विकनं पक्कं चिकटवा, वाळल्यावर वरून जाड टेप. दोन वेगळे आवाज, दोन वेगळी वजनं. रोज झाकण तपासा, हललं की फेका. आणि खरा पसारा करायचा तर जेवताना करू द्या. मऊ भात, वरण, उकडलेला आलू, पिकलेलं केळ, भोपळ्याचा लगदा ताटलीत घाला आणि त्याला हात घालू द्या, तो कुस्करेल, केसांना लावेल, थोडं खाईलही. मीठ-साखर वर्षाच्या आत नको. खाली जुनं पेपर अंथरा. भाजी निवडताना सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची एक काडी चुरडून त्याच्या नाकाशी धरा, वास घेऊन तो कसं तोंड करतो बघा, माझ्या ओळखीची एक मुलगी दर वेळी शिंकल्यासारखं करून पुन्हा नाक पुढं करायची. काडी हातात मात्र देऊ नका.

संत्र्याचं विचारणारे खूप असतात. साल सोलतानाचा वास द्या, हातात अख्खं संत्रं गडगडवायला द्या. खायला द्यायचं तर फोडीचं पातळ साल आणि बी काढून आतला गर बारीक तोडून, तुमच्यासमोर, बाळ ताठ बसलेलं असताना.

एमआयडीसीत शिफ्ट असते, घरी यायला रात्रीचे साडेआठ होतात. मुलगा आठ महिन्यांचा, झोपायच्या आधी अर्धा-पाऊण तास मिळतो. थकलेला असतो म्हणून मोबाईलवर गाणी लावून देतो, तो खूश असतो, मीही जरा पडून राहतो. बायको रागावते. एवढ्यानं काय होते? — हिंगणा

दादा, अर्धा तास कमी नाही, पूर्ण तुमचा असेल तर तो भरपूर आहे. मोबाईलचं सरळ सांगते, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि आपली इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स तर दोन वर्षांपर्यंत नको म्हणते, दूरच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. कारण असं की मोबाईल थांबत नाही. तुमचा मुलगा हसला, ओरडला, हात हलवला तरी ते गाणं आपल्याच वेगानं पुढं जातं, त्याचा डाव कधी येतच नाही.

आणि मोबाईल तुमच्या हातात असला तरी तेच. 1970 च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग केला होता, आईनं आधी बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग थोडा वेळ चेहरा एकदम कोरा ठेवून नुसतं बघायचं. बाळं आधी हसून बघतात, मग हात पुढं करतात, आवाज काढतात, सगळे उपाय करतात आणि शेवटी तोंड फिरवतात किंवा रडतात. फोनमध्ये डोकं घातल्यावर आपलं तोंड तसंच कोरं होतं. तुम्ही वाईट बाप आहात असं मी म्हणत नाहीये, बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला पडावंसं वाटणारच. तर पडा ना, पडूनच खेळा.

जमिनीवर चटई टाका, उताणे झोपा आणि त्याला पोटावर बसवा. तुमच्या श्वासाबरोबर तो वरखाली होतो, हाच त्याला मोठा खेळ आहे. दाढीचे खुंट गालाला लागतात ते आईकडं नसतं, हात लावू द्या. स्वयंपाकघरातून एक छोटा गंज म्हणजे पातेलं, एक स्टीलची वाटी आणि लाकडी चमचा आणा, तुम्ही दोनदा वाजवा, चमचा त्याच्या हाती द्या आणि थांबा. त्यानं एकदा वाजवलं तर तुम्हीही एकदाच. थोड्या वेळात त्याच्या लक्षात येईल की बाबा माझ्यासारखं करतो, आणि मग तो तुम्हाला मुद्दाम वाजवायला लावेल. वाटीवर दुपटं टाका, वाटी कुठं गेली विचारा. पाच-सहा महिन्यांचं बाळ विसरून जातं, आठ-नऊला ते दुपटं ओढायला लागतं, म्हणजे दिसत नाही तरी वस्तू आहे हे त्याला कळायला लागलं. चमचा तो पुन्हा पुन्हा खाली टाकेल, तो त्रास देत नाहीये, आवाज येतो का, बाबा उचलतो का हे तपासतोय, पाच-सात वेळा हसून उचलून द्या. शेवटची दहा मिनिटं लाइट मंद करा, वाजवणं बंद, खांद्यावर घेऊन हळूहळू चकरा मारा आणि एकच गाणं रोज म्हणा, सूर नसला तरी चालतो. छातीतून येणारा जाड आवाज त्याला अंगाला जाणवतो. बंगई म्हणजे झोपाळा असेल तर मांडीवर घेऊन बसा, फार जोरात झोका नको. वॉकर मात्र कोणी भेट दिला तरी वापरू नका, त्यानं चालणं लवकर येत नाही आणि पडून डोकं फुटण्याची भीती असते, कॅनडात तर 2004 पासून वॉकर विकायलाच बंदी आहे.

माझं बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झालं, तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. आज पाच महिने पूर्ण झाले. नणंदेचा मुलगा या वयात खुळखुळा धरायचा, हा बघतो, हसतो पण धरत नाही. जरा आवाज झाला की दचकतो, जास्त लोक आले की रडून रडून लाल होतो. माझ्याकडून दवाखान्यातच काही राहिलं का असं रात्री मनात येते. — जरीपटका

तुमच्याकडून काहीही राहिलेलं नाही. आधी हिशेब करू. चाळीस आठवड्यांत बत्तीस गेले की उरले आठ, म्हणजे तो दोन महिने लवकर आला. विकास बघताना हे दोन महिने वजा करायचे, याला दुरुस्त वय म्हणतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत तेच धरतात, लसी तेवढ्या जन्मतारखेनंच द्यायच्या. म्हणजे तुमचा मुलगा खेळाच्या हिशेबानं तीन महिन्यांचा आहे, आणि तीन महिन्यांचं बाळ बघतं, हसतं, मुठी उघडायला लागतं, स्वतःचे हात निरखतं. खुळखुळा स्वतःहून पकडणं त्याच्या पुढचं आहे. नणंदेच्या मुलाशी तुलना नको, दोघांची घड्याळंच वेगळी आहेत.

दचकण्याचं म्हणाल तर ज्या आठवड्यांत त्यानं पोटात अंधारात, पाण्यात, दबलेल्या आवाजात असायला हवं होतं, त्या आठवड्यांत तो दिव्यांखाली, मशिनच्या पीपीमध्ये आणि सुयांमध्ये होता. त्यामुळं अशी बाळं लवकर गांगरून जातात. त्याच्यासाठी नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट. चेहरा दाखवताना बोलू नका, बोलताना हलवू नका, हलवताना खेळणं दाखवू नका. आधी हात ठेवा, पूर्ण तळवा, स्थिर, बोटांनी गुदगुल्या नकोत. मग हळू आवाज. त्याला तुमचा आवाज नवा नाही. 1980 साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं होतं की तीन दिवसांच्या आतली बाळं चोखणी चोखण्याची लय बदलून दुसऱ्या बाईपेक्षा स्वतःच्या आईचा आवाज मागतात. पेटीत असतानाही तुम्ही काचेजवळ उभं राहून बोलला असाल तर ते त्याच्यापर्यंत पोचलेलं आहे.

दवाखान्यात कांगारूसारखं छातीशी घ्यायला शिकवलं असेल, ते घरी चालू ठेवा, उघड्या छातीवर उघडं बाळ, वरून ओढणी. ही पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तिथं पेट्या कमी होत्या आणि बाळं जास्त, म्हणून डॉक्टर एडगर रे यांनी आयांच्या छातीलाच पेटी केलं. तुम्ही थकलात की बाळाच्या बाबांनी घ्यावं, आजीनं घ्यावं. धरायला शिकवायचं तर त्याला कुशीवर ठेवून दोन्ही हात छातीसमोर आणा, एका तळहातात पातळ सुती रुमालाचं टोक द्या आणि बघत बसा, तो ओढेल, तोंडाकडं नेईल, सुटेल, पुन्हा. खुळखुळ्यापेक्षा रुमाल पकडायला सोपा आणि आवाज करत नाही.

पाहुण्यांना सांगायला लाजू नका की आज बाळाला घेऊ नका, दुरून बघा.

दोन तपासण्या झाल्यात का ते कागदात बघा, कानाची आणि डोळ्याच्या पडद्याची, ज्याला आरओपी म्हणतात. राहिल्या असतील तर या आठवड्यातच. आणि दुरुस्त वयाचे तीन-चार महिने होऊनही तो नजर चेहऱ्यामागं फिरवत नसेल, मोठ्या आवाजाला अजिबातच दाद देत नसेल, मुठी घट्ट आवळलेल्याच राहत असतील, अंग कडक किंवा फारच ढिलं वाटत असेल, एकच हात वापरत असेल, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर लहान मुलांच्या विकासाची तपासणी आणि थेरपी मोफत मिळते, आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्याला घरी येतात तेव्हा त्यांना विचारा, त्या चिठ्ठी देतील. लवकर दाखवलं म्हणजे बाळात दोष आहे असं नाही, लवकर सुरू केलेली थेरपी ही खेळासारखीच असते.

मे महिना, 45 डिग्री, दहा महिन्यांची मुलगी घरात कंटाळून कुरकुरते. पाण्यात खेळवू का, सर्दी होईल म्हणतात सगळे. — वर्धमाननगर

खेळवा, पाण्यानं सर्दी होत नाही, सर्दी विषाणूनं होते. बाथरूमच्या टबात नको, मोठ्या परातीत दोन बोटं पाणी, फरशीवर टॉवेल, त्यावर ती. एक गडवा, एक चहाची गाळणी, एक प्लास्टिकची वाटी. गाळणीतून पाणी पडताना बघायला या वयात इतकं आवडतं की पंधरा मिनिटं कुठं जातात कळत नाही. वाळ्याची चार मुळं स्वच्छ कापडाच्या पुरचुंडीत घट्ट बांधून पाण्यात टाका, वास येतो. बर्फाचा खडा देऊ नका, घशात अडकतो.

दोन गोष्टी मात्र फार काळजीनं. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं नळाचं पाणी आपल्याकडं चटका देण्याइतकं तापलेलं असतं, सकाळीच भरून ठेवा आणि कोपर बुडवून बघा. दुसरं, दोन इंच पाण्यातही बाळ बुडू शकतं, आणि ते आवाज न करता बुडतं. कुरिअरवाला आला, फोन वाजला, दूध उतू गेलं, काहीही झालं तरी तिला उचलून सोबत घेऊन जा. खेळ संपला की परात लगेच उपडी. कूलरच्या टाकीजवळ आणि पंपाजवळ तिला सोडूच नका, ओल्या अंगानं शॉक बसतो. उरलेली कुरकुर पहाटेच्या फिरण्यानं जाते, आठच्या आत कडेवर घेऊन बागेत किंवा फुटाळा तलावाकडं, झाडाचं खोड, ओलं गवत, पक्ष्यांचा आवाज. एका खोडाशी थांबा, तिला हात लावू द्या, ती हात काढेपर्यंत पुढं जाऊ नका.

सासऱ्यांच्या लहानपणचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घरी आहे, चाकांचा, रंग उडालेला. नऊ महिन्यांची मुलगी त्याचं शिंग चोखत बसते, सासऱ्यांना फार आनंद होतो. चालेल ना? — गांधीबाग

आजोबांचा आनंद मला समजतो, आणि तरी आजच तिच्या हातातून घ्या. जुन्या रंगात शिसं भरपूर असायचं, आपल्याकडं रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची मर्यादा 2017 पासून लागू झाली, आणि हा नंदी त्याच्या कितीतरी आधीचा. उडालेला रंग म्हणजे तो पोटात जातोय. तिनं बरेच दिवस चोखलं असेल तर डॉक्टरांना हे सांगा, रक्तातलं शिसं तपासता येतं. नंदी घरी खरवडायला जाऊ नका, ती धूळ अजून वाईट.

इतवारीत किंवा बर्डीवर खेळणं घेताना आयएसआय मार्क बघून घ्या, 1 जानेवारी 2021 पासून तो सक्तीचा आहे. गाणारं-चमकणारं खेळणं असेल तर बटन सेलचं झाकण स्क्रूनं बंद आहे ना बघा, तो सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका जळू शकते. बाळाच्या हातातली कोणतीही वस्तू पावणेदोन इंचांपेक्षा मोठीच हवी.

नंदी शोकेसमध्ये वरच्या फळीवर ठेवा आणि आजोबांनी तिला रोज कडेवर घेऊन दाखवावा, गळ्यातलं घुंगरू काचेबाहेरून दिसेल असं. आणि पोळ्याच्या आधी एखाद्या सुताराकडून बिनरंगाचा, कडा घासून गुळगुळीत केलेला, चाकं न निघणारा छोटा नंदी करून घ्या. तो तिनं खुशाल चाटावा.